आवळलेले पट्टे

स्लेज घ्यायची म्हणजे आधी एक गोष्ट कबूल करावी लागते, की सगळं सामान आता पाठीवर झेपणार नाही. मला ते कबूल करायला चाळिशी उलटावी लागली. माझा मित्र माझ्याच वयाचा, पण त्याच्यापुढे तो प्रश्नच नव्हता. मी म्हणालो स्लेज, तो म्हणाला स्लेज.

आमची ओळख पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजातली. तिथे आमचा आठ-दहा जणांचा ट्रेकिंगचा ग्रुप होता, आणि त्या ग्रुपात एक नियम होता, जो कुणी कुठे लिहून ठेवला नव्हता पण सगळे पाळायचे. डोंगरावर वाद घालायचा नाही. लीडर ठरवेल तो रस्ता, लीडर म्हणेल तेव्हा पाणी, लीडर म्हणेल तिथे मुक्काम. तो चुकलाच, तर खाली उतरल्यावर चहाच्या टपरीवर त्याला काय शिव्या घालायच्या त्या घालायच्या. वर असताना नाही. नियम चांगला होता. धुक्यात कड्याच्या टोकाशी पाच जणांची पाच मतं झाली तर माणसं जातात. मी बहुतेक वेळा लीडर असायचो, कारण माझा आवाज मोठा होता आणि मला नकाशा वाचता यायचा. वीस वर्षांनी आम्ही दोघं डब्लिनमध्ये होतो, तो ओंगारला बायकोबरोबर, मी चेरीवूडजवळ बायको आणि मुलीबरोबर. दोघांचे केस निम्मे झाले होते. तरी डोंगराचा विषय निघाला की मी पुढचा आणि तो मागचा.

२०२० च्या मार्चमध्ये आम्ही नॉर्वेला जाणार होतो. उत्तरेकडच्या पठारावर आठ दिवस, एका लाकडी झोपडीतून दुसऱ्या झोपडीकडे, सामान स्लेजवर ओढत. निघायच्या आठवड्यात जग बंद झालं. आम्ही तारीख एक वर्षाने पुढे ढकलली आणि स्वतःची समजूत घातली की बरं झालं, तयारीला वेळ मिळाला. स्लेज तिथे भाड्याने घेणार होतो, ती आता स्वतःची घ्यायची ठरली. त्या उन्हाळ्यात लोक घरी पाव भाजायला शिकत होते. आम्ही स्लेजचा अभ्यास करत होतो.

मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे कुठलीही गोष्ट विकत घ्यायची, बदलायची किंवा नुसती हलवायची म्हटली तरी आधी धोक्यांचा तक्ता होतो. काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती वाईट, बिघडण्याची शक्यता किती, आणि बिघडण्याआधी आपल्याला ते कळेल का. मी स्लेजचाही तक्ता केला. मित्र व्हिडिओ कॉलवर हसला. "अरे लेका, मुलं कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर बसून घसरतात," तो म्हणाला. पण त्याने तो तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, कारण तो तसाच होता.

दुकानात मिळते ती मुलांची स्वस्त प्लास्टिकची स्लेज काहींनी दोर लावून ओढलेली असते, आणि सपाट जमिनीवर ती चालतेही. पण तिचं प्लास्टिक थंडीत तडकतं आणि तिला दिशा नसते, उतारावर आडवी फिरते. खऱ्या सामानाच्या स्लेजला पल्क म्हणतात. लांबी माणसाएवढी, रुंदी खांद्याएवढी, समोरचं टोक होडीसारखं वर वळलेलं, खाली दोन लांब खाचा म्हणजे ती सरळ रेषेत येते. वर झिपचं कव्हर आणि आडवे पट्टे. जड सामान तळाशी आणि मध्याच्या जरा मागे, हलकं वर. पट्टे असे आवळायचे की स्लेज उलटी केली तरी आतलं काही हलता कामा नये. सामान हललं की तोल जातो. आवळण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासूनच कडक. माझी सॅक कधी खुळखुळायची नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे दांडे. स्लेज कमरेच्या पट्ट्याला दोराने बांधली तर चढावर काही वाटत नाही. उतारावर मात्र ती माणसापेक्षा वेगाने खाली येते आणि मागून त्याच्या पायांवर आदळते. म्हणून कमरेपासून स्लेजपर्यंत दोन ताठ दांडे हवेत. ते ओढतातही आणि स्लेजला मागे अडवूनही धरतात. तक्त्यात ही ओळ सगळ्यात वर होती, लाल रंगात.

स्लेज फिनलंडहून आली, नारिंगी रंगाची. दांडे आणि कमरेचा पट्टा इंग्लंडमधल्या एका दुकानातून मागवला होता. ते पार्सल डिसेंबरच्या शेवटी निघालं आणि जानेवारीत ब्रिटन युरोपच्या कायद्यातून बाहेर पडल्यावर कुठल्याशा कस्टमच्या गोदामात जाऊन बसलं. रोज ट्रॅकिंगवर तेच वाक्य दिसायचं. मी दुकानाला मेल लिहायचो, दुकान क्षमा मागायचं.

त्याच आठवड्यात डब्लिनच्या दक्षिणेला, विकलोच्या डोंगरांत बर्फ पडला. आयर्लंडमध्ये बर्फ म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. मार्चच्या आधी स्लेज ओढून बघायची असेल तर हीच वेळ होती. अडचण एकच, की कडक लॉकडाउन होता आणि घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. डोंगराकडच्या रस्त्यांवर गार्डा, म्हणजे इथले पोलीस, गाड्या अडवून पत्ते विचारत होते, दंड करत होते. बर्फ बघायला गेलेल्या लोकांच्या बातम्या रोज रेडिओवर येत होत्या, आणि मीच त्या ऐकून, माणसांना अक्कल कशी नाही, असं घरात म्हणत होतो.

इथे मला माझ्या अर्जाबद्दल सांगितलं पाहिजे. मी आयर्लंडच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता आणि तो दीड वर्ष कुठल्यातरी टेबलावर पडून होता. त्या अर्जात माणूस चांगल्या वर्तनाचा असावा लागतो. गाडी वेगात चालवल्याचा दंडसुद्धा लिहावा लागतो. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा याच विषयाचं दळण चालायचं. अमक्याचा अर्ज एका दंडामुळे अडला, तमक्याला दोन वर्षं थांबवलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे. मला राहायचा आणि काम करायचा परवाना होताच. कुणी मला विमानात बसवून परत पाठवणार नव्हतं. फार तर पासपोर्ट उशिरा आला असता. पण या देशात आल्यापासून आठ वर्षं एखाद्या कागदाकडे बघत राहिलं की तो कागद माणसापेक्षा मोठा होतो. माझं तसं झालं होतं.

मित्राचा असा काही अर्ज नव्हता. तो म्हणाला, "दांडे येऊ देत ना. बर्फ परत पडेल." मी म्हणालो, "मार्चच्या आधी परत पडला नाही तर?" मग तो म्हणाला, "ठीक आहे. तू सांग कधी."

सकाळी उजाडायच्या आत निघालो, तपासणीची माणसं यायच्या आधी. त्याला म्हटलं होतं तू तुझी गाडी आणू नकोस, दोन गाड्या दिसतात. मी चेरीवूडहून आडरस्त्यांनी ओंगारला जाऊन त्याला उचललं; त्याची बायको तेव्हा कामावर गेलेली होती. डोंगरावरच्या कार पार्कला साखळ्या लावलेल्या होत्या, म्हणून गाडी जंगलातल्या एका बंद फाटकापाशी झाडांच्या आड लावली. स्लेजमध्ये वजन म्हणून घरातल्या तांदळाच्या आणि कणकेच्या पिशव्या टाकल्या होत्या आणि पाण्याचा एक कॅन. दांड्यांच्या जागी माझा जुना ट्रेकिंगचा दोर. चढावर एकाने ओढायचं. उतारावर दुसऱ्याने मागून दोर धरून स्लेज अडवायची. तक्त्यातल्या लाल ओळीवर मी हा उपाय लिहिला होता आणि लाल रंग पिवळा केला होता.

पहिले दोन तास इतके चांगले गेले की आता त्यांची आठवण आली तरी राग येतो. ऊन नव्हतं, पण बर्फ कोरडा होता आणि स्लेज मागून हलकी सरसर येत होती. मित्र पुढे जुंपलेला. "बैलाला विचार, किती वाजले," तो म्हणाला. पठारावर एकही माणूस नव्हता. त्याने थर्मासमधला चहा काढला आणि कपाला कप लावून आम्ही नॉर्वेच्या नावाने प्यायलो.

परत फिरल्यावर पहिल्याच मोठ्या उतारावर बर्फाखाली काच झालेलं पाणी होतं. मी मागे दोर धरून होतो. माझे पाय गेले, मी पाठीवर पडलो आणि दोर हातातून सुटला. स्लेज सुटली. मी ओरडलो. तो वळून बघायला थांबला, आणि चाळीस किलो वजन त्याच्या गुडघ्याखाली मागून येऊन लागलं. तो स्लेजवर कोसळला आणि दोघं मिळून खाली दगडाच्या बांधावर गेले.

माझा पाय घसरला यात माझा दोष किती, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बर्फ होता, घसरलो. दांड्यांशिवाय जायला नको होतं, तेही खरं. पण त्याबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ करू शकेन. त्यानंतरच्या पाच तासांबद्दल नाही.

त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली वाकू नये तिथे वाकला होता. हाड बाहेर नव्हतं, रक्त नव्हतं. तो ओरडलाही नाही, फक्त तोंडाने श्वास घेत होता. मी फोन काढला. दोन कांड्या रेंज होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर मी काही लोकांना रेंज नव्हती असं सांगितलं. रेंज होती. डोंगरातून माणसं काढणारं स्वयंसेवकांचं पथक इथे आहे, एका फोनवर ते येतात. मी आकडा दाबायला अंगठा नेला आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या फोनच्या पुढचं सगळं उभं राहिलं. पथक, मग अँब्युलन्स, मग गार्डा, मग माझं नाव, पत्ता, घरापासूनचं अंतर, आणि टेबलावरचा तो अर्ज.

"कर ना फोन," तो म्हणाला.

"त्यांना यायला दोन-तीन तास लागतील," मी म्हणालो. "तेवढ्यात आपण गाडीपाशी असू. स्लेज आहे ना. ओढतो मी तुला."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. अर्जाची गोष्ट त्याला माझ्या बायकोइतकीच माहीत होती. मला वाटलं आता शिवी घालेल. घातली असती तर मी फोन केला असता, असं मी अजून स्वतःला सांगतो.

"तू ठरव," तो म्हणाला.

मी तांदूळ, कणीक, पाणी बांधामागे टाकलं आणि त्याला स्लेजमध्ये आडवं केलं. पायाला चालायच्या काठ्या दोन बाजूंनी लावल्या, त्याभोवती माझं जॅकेट गुंडाळलं, आणि पट्टे आवळले. सामान हलू नये म्हणून आवळतो तसे. दातांत टोक धरून, गुडघा टेकवून, बकलच्या शेवटच्या खाचेपर्यंत. तो म्हणाला, "घट्ट होतंय रे." मी म्हणालो, "घट्टच पाहिजे, हललं तर दुखेल." मला खरंच तसं वाटत होतं.

स्लेजवर माणूस ओढणं आणि सामान ओढणं यात फरक आहे. सामान बोलत नाही. सुरुवातीला तो बोलत होता, डाव्या बाजूला दगड आहे, इकडून घे. मग कमी बोलायला लागला. चढ आला की मी हातापायांवर येऊन ओढायचो. जिथे बर्फ संपून माती लागायची तिथे स्लेज अडकायची आणि मी उलटा चालत, दोन्ही हातांनी, वीत वीत ओढायचो. उतारावर मी स्लेजच्या पुढे पाठ लावून खाली सरकत होतो, माझेच पाय दांडे केले होते. दर थोड्या वेळाने तो म्हणायचा, पायाला मुंग्या येतायत. नंतर म्हणाला, बोटं कळत नाहीयेत. थंडीमुळे, मी म्हणालो. माझा अंगठा त्या पट्ट्यावरून कितीदा गेला, पण तो सैल करायचं मनात आलं नाही. चांगलं बांधलंय याचंच समाधान होतं.

जंगलातल्या रस्त्यावर दोन कुत्री घेऊन एक म्हातारा येताना दिसला. जवळच राहणारा असावा, पायात गमबूट होते. तो थांबला, स्लेजकडे बघितलं, मग माझ्याकडे. "युवर मॅन ठीक नाही दिसत," असं काहीतरी तो म्हणाला. मी म्हणालो, पाय मुरगळलाय, गाडी इथेच आहे, वी आर ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत आमचं ठीक आहे. तो हलला नाही. त्याने खिशातून फोन काढला. "डोंगरावरच्या पोरांना मी बोलावतो. चांगली माणसं आहेत," तो म्हणाला, आणि जरा थांबून, माझा चेहरा वाचल्यासारखा पुढे म्हणाला, "ते कुणाचा पत्ता विचारत नाहीत."

मी परत म्हणालो, वी आर ग्रँड, थँक्स अ मिलियन. अशा आवाजात म्हणालो की त्याने फोन खिशात ठेवला. स्लेजवरून माझा मित्र त्या म्हाताऱ्याकडे बघत होता. त्याला इंग्रजी येत होतं, तोंड होतं. तो काही बोलला नाही. आम्ही अजून डोंगरावर होतो.

गाडीपाशी पोचायला पावणेचार तास लागले. त्याला मागच्या सीटवर आडवं केलं, तेव्हा पहिल्यांदा पट्टे सोडले. त्याची पोटरी पँटमध्ये मावत नव्हती, दगडासारखी लागत होती. आणि तरी मी लगेच निघालो नाही. स्लेज गाडीत दिसली तर सगळंच उघडं पडलं असतं, म्हणून मी ती ओढत झाडीत नेली आणि वाळलेल्या फर्नखाली झाकली. त्यात किती मिनिटं गेली ते मी मोजलं नाही.

गाडीत मी त्याला काय सांगायचं ते पढवलं. रस्त्यात अडवलं तर सांगायचं की ओंगारला घराजवळच्या पार्कात गोठलेल्या वाटेवरून घसरलास. मी किराणा द्यायला आलो होतो. कधी घसरलास? तासाभरापूर्वी. "तासाभरापूर्वी," तो म्हणाला. मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आम्हाला अडवलंच. तरुण गार्डा होती, मास्क लावलेली. मी काच खाली केली आणि म्हणालो, मित्राला हॉस्पिटलला नेतोय. तिने मागे एकदा बघितलं आणि हाताने जा म्हटलं. पत्ता नाही, नाव नाही, काही नाही. खोटं तिच्यासाठी बनवलं होतं, आणि तिने ते मागितलंच नाही. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की आता ते विसर, डॉक्टरला खरं सांग. मला सुटल्याचा इतका आनंद झाला होता की मी स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला होता. हे त्याने आरशात पाहिलं असेल.

हॉस्पिटलच्या दारात मला थांबवलं. कोविडमुळे फक्त पेशंट आत. व्हीलचेअरवर त्याला नेताना नर्सने विचारलं, केव्हा झालं? मला ऐकू आलं. त्यालाही माहीत होतं की मी ऐकतोय.

"अबाउट ॲन अवर," तो म्हणाला. दार बंद झालं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तासाभरापूर्वीचा मार म्हणून त्यांनी फोटो काढले, वेदनेचं औषध दिलं, पाय उंच ठेवला आणि लक्ष ठेवलं. तासाभराच्या सुजेला जे करायचं तेच त्यांनी केलं. पण ती सूज पाच तासांची होती, आणि त्यातले चार तास मी ती बाहेरून बांधून ठेवली होती. आतल्या आत दाब वाढून स्नायूंचं रक्त बंद झालं होतं. संध्याकाळी पोटरी दोन्ही बाजूंनी उघडली तेव्हा पुढचा स्नायू गेलेला होता. नस गेली होती. पाय राहिला, पण त्याचा चवडा वर उचलला जात नाही. बुटात प्लास्टिकची पट्टी घातल्याशिवाय त्याला चालता येत नाही, आणि पट्टी घालूनही तो पाय जमिनीवर आपटत चालतो. डॉक्टरांनी त्याला दोन-तीनदा वेळ विचारली, कारण त्यांना ते जुळत नव्हतं. दर वेळी त्याने तोच तास सांगितला. हे त्यानेच मला फोनवर सांगितलं, अगदी साध्या आवाजात, निरोप पोचवल्यासारखं.

"अरे, खरं का नाही सांगितलंस?" मी म्हणालो. मी हे विचारलं. माझ्या जिभेला काही वाटलं नाही.

"आता सांगून काय होणार," तो म्हणाला.

उन्हाळ्यात माझं पत्र आलं. समारंभ बंद होते, म्हणून साक्षीदारासमोर कागदावर सही करून पोस्टाने पाठवायचं होतं. या देशाचे कायदे निष्ठेने पाळीन, असं त्यात लिहिलेलं होतं. मी एका वकिलाच्या ऑफिसात, मास्क लावून, स्वतःचं पेन घेऊन गेलो आणि सही केली.  स्वच्छ सही आली.

आठवड्याने त्याच्या बायकोचा फोन आला. ती नागपूरची, मोकळी, मला भाऊजी म्हणते. माझ्या बायकोकडून तिला बातमी कळली होती. "भाऊजी, तुम्ही सांगितलं पण नाही! या रविवारी जेवायला या, सगळे या," ती म्हणाली. मी एकटा गेलो. मुलीला ताप आहे असं सांगितलं.

तिने केशर घालून शिरा केला होता. मित्र सोफ्यावर होता, पाय स्टुलावर, पट्टी काढून ठेवलेली. चवडा खाली लोंबत होता, झोपलेल्या माणसाचा हात लोंबतो तसा. आम्ही क्रिकेटबद्दल बोललो. त्याच्या ऑफिसने त्याला कायमचं घरून काम दिलं होतं, त्याबद्दल बोललो. तिने मला शिरा वाढला, दुसऱ्यांदा वाढला, आणि वाढता वाढता तिचे डोळे भरून आले.

"तुमचं चांगलं झालं याचा मला खूप आनंद आहे," ती म्हणाली. "मी यांना रोज सांगते. त्या दिवशी तुम्ही होते म्हणून. डॉक्टर मला फोनवर म्हणाले होते, तासाभरात आणलं म्हणून पाय तरी वाचला. दुसरा कोणी असता तर अँब्युलन्सची वाट बघत बसला असता."

माझ्या तोंडात शिरा होता. मित्र माझ्याकडे बघत होता आणि त्याने मान अगदी थोडी, नाही अशी हलवली. मी तो घास गिळला. मला वाटलं, आता तरी एकदा खरं बोलावं. तिच्यासाठी बोलतोय असं वाटलं. खरं तर माझ्याने ते आभार आणखी एक क्षण सोसवत नव्हते, एवढंच होतं.

मी सगळं सांगितलं. विकलो, स्लेज, दोर, दोन कांड्या रेंज, कुत्रेवाला म्हातारा, पट्टे, फर्न, पार्क. पाच तास. अर्ज. ती डाव हातात धरून उभी होती, तशीच राहिली. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्या होत्या. तिने मला जा म्हणावं, परत तोंड दाखवू नका म्हणावं, मग मी ते आयुष्यभर घेऊन फिरलो असतो आणि हिशेब मिटल्यासारखं वाटलं असतं.

पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने डाव सावकाश ताटात ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. सात महिने ती त्याचा पाय रोज तेल लावून चोळत होती. त्याला संडासपर्यंत धरून नेत होती, आणि रोज त्याला विचारत होती की नेमकं कसं झालं, किती वेळात झालं, आपण काही वेगळं करू शकलो असतो का.

"तुम्ही मलाही तासच सांगितला होता," ती त्याला म्हणाली.

तो स्टुलावरच्या त्या पायाकडे बघत राहिला. मी उठून बाहेर आलो, आणि मला थांबवायला कुणी उठलं नाही.